एका बटणात

बागोंझाने स्टार्टरचं बटण पुन्हा दाबलं. सीटखालून 'टिक्' असा बारीक आवाज आला. मीटरवरचा हिरवा दिवा जरासा मिणमिणला आणि विझला.

त्याच्या मागे, काबागांबेच्या अंगणाबाहेर, रस्त्याच्या कडेने स्टेजवरच्या, म्हणजे भाड्याच्या गाड्यांच्या थांब्यावरच्या, सगळ्या बोडा-मोटरसायकली रांगेत उभ्या होत्या. इंजिनं चालू होती आणि प्रत्येकीच्या दिव्याला हिरव्या फांद्या बांधलेल्या होत्या. रांगेच्या पुढे एक उघडी पिकअप होती आणि पिकअपमध्ये काबागांबेची शवपेटी. पेटीच्या दोन्ही अंगांना बायका बसल्या होत्या. स्टेजवरचा माणूस गेला की त्याची गाडी त्याच्या पेटीच्या पुढे चालते, आणि स्टेजवर जो त्याच्या शेजारी गाडी लावत असे तो ती चालवतो. हे कुणी ठरवावं लागत नाही. सकाळी स्टेजप्रमुख मुगेनीने काबागांबेच्या गाडीची घरातली किल्ली काही न सांगता बागोंझाच्या हातात ठेवली होती.

"चोक ओढ, अत्वोकी," मागून कुणीतरी ओरडलं.

"ओढलाय."

"मग किक मार."

बागोंझाने किक मारली. पुन्हा मारली. इंजिन कोरडं खोकलं, तेवढंच. तो मारत राहिला, कारण मारत राहण्याने वेळ जात होता. किकने काही होणार नाही हे त्या अंगणात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"धक्का द्या रे," मुगेनी म्हणाला.

तिघे पुढे झाले. त्यांनी गाडी फाटकातून बाहेर काढून लाल मातीच्या रस्त्यावर पळवली. बागोंझाने दुसरा गिअर टाकून क्लच सोडला. मागचं चाक जागच्या जागी अडलं आणि मातीत फरपटत गेलं. पुन्हा ढकलली, पुन्हा तेच.

"जिवंतपणी अरालीने कुणाला गाडीला हात लावू दिला नाही," ढकलणाऱ्यांतला एक धापा टाकत म्हणाला, "आणि आता बघ, फुकटात ढकलून घेतोय."

"त्याला म्हणावं, आधी भाडं ठरव."

दोघे हसले. पिकअपमधल्या बायकांनी माना वळवल्या, तसे ते खाली बघू लागले.

काबागांबेला सगळे अराली म्हणत. तोरो लोकांत माणसाला एक नाव असतं आणि एक मायेचं नाव. नाव कागदावर असतं. मायेच्या नावाने हाक मारतात. बागोंझाला म्हणूनच सगळे अत्वोकी म्हणत होते.

"थांबवा," पिकअपमधून म्हातारा आवाज आला. अरालीची आत्या पेटीवर हात ठेवून उभी राहिली होती. "ढकलू नका त्याला. तो यायचं नाही म्हणतोय."

"आत्याबाई, बॅटरी उतरलीय फक्त," मुगेनी म्हणाला.

"बॅटरी कशाने उतरते?"

"उभी राहून. इतके दिवस गाडी जागची हलली नाही."

"का नाही हलली?" आत्याने बागोंझाकडे बोट केलं. "ह्याला सांगितलं होतं ना त्याने? दवाखान्यात जाताना माझ्यादेखत किल्ली दिली. म्हणाला, एक दिवसाआड चालू कर, नाहीतर मरेल ती."

सगळे बागोंझाकडे बघू लागले. त्याने हँडलवरचा हात काढून पँटला पुसला.

"करत होतो, आत्या. बॅटरीच जुनी झाली होती."

"जुनी कशी?" मघाचाच विनोद करणारा म्हणाला. "नाताळात तर नवी टाकली. तिच्या नावाने मी सोडा प्यायलोय."

"तू कशाच्याही नावाने पितोस," दुसरा म्हणाला. "आणि हल्लीच्या नव्याला काय अर्थ आहे? वरून चकचकीत, आत पाणी."

"माझी दोन महिन्यांत गेली."

"माझी तर दुकानातून घरी येईपर्यंत."

मग प्रत्येकाला आपापली बॅटरी आठवली. बागोंझा मान खाली घालून ते ऐकत राहिला. बोगस बॅटऱ्यांबद्दलच्या त्या गलक्याने त्याला वाचवलं होतं. आत्या मात्र अजून त्याच्याकडेच बघत होती.

अरालीला दवाखान्यात नेलं त्याच आठवड्यात बागोंझाची बॅटरी बसली होती. त्याच्या किकचे दात आधीच झिजलेले. गिऱ्हाइकाला उतरवून उतारापर्यंत गाडी ढकलत न्यावी लागे. एकदा एका परिचारिकेने पांढऱ्या बुटांनी चिखलात उतरून धक्का दिला आणि दुसऱ्या दिवसापासून ती शेजारच्या गाडीवर बसू लागली. त्या दिवशी दुपारी तो अरालीच्या घरी गेला. घरात कुणी नव्हतं. मागच्या पत्र्याखाली अरालीची गाडी उभी होती. त्याने बटण दाबलं आणि ती लगेच चालू झाली. तो थोडा वेळ तिचा आवाज ऐकत बसला. मग त्याने ती बंद करून सीट उघडली.

आठवडाभराचा प्रश्न आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. उभ्या गाडीत बॅटरी नाहीतरी मरतेच; चालत्या गाडीत जिवंत राहील. हा हिशेब त्याला इतका पटला, की स्क्रू आवळताना आपण अरालीचंच काम करतोय असं त्याला वाटत होतं. आपली मेलेली बॅटरी त्याने अरालीच्या गाडीत बसवली, वरून रबरी पट्टा ताणून लावला. जागा रिकामी दिसू नये म्हणून.

नंतर तो अरालीला भेटायला गेला. एकदाच.

अराली भिंतीला टेकून बसला होता. पोट फुगलं होतं, हात काटक्या झाले होते. त्याची बायको केमिगिसा खिडकीपाशी बादलीत थर्मास विसळत होती.

"गाडी चालू करतोस ना?" अरालीने विचारलं.

"करतो की. एका बटणात."

"एका बटणात?"

"हात लावायचा अवकाश."

अराली हसला. हसताना त्याला धाप लागली. मग त्याने विचारलं, "आणि तुझी? तुझी बॅटरी गेली होती ना रे?"

"केली काहीतरी सोय."

"बरं झालं," अराली म्हणाला आणि त्याच्याकडे बघत राहिला. केमिगिसा अजून थर्मासच विसळत होती. बागोंझा उठला, धंद्याची वेळ आहे म्हणाला. त्यानंतर रोज धंद्याची वेळ होती.

फाटकापाशी आता कुणीतरी तारा घेऊन आलं होतं. पिकअपच्या बॅटरीवरून करंट देऊ, असं चाललं होतं.

"खबरदार," आत्या म्हणाली. "ज्या गाडीत मेलेला झोपलाय तिच्यातून विस्तव काढायचा नसतो."

"आत्याबाई, हा विस्तव नाही, करंट आहे."

"ठिणगी पडते का?"

मुगेनीने डोकं खाजवलं. "पडते."

"मग विस्तवच."

बुसिंगे नावाचा मेकॅनिक रांगेतून पुढे आला. त्याने अरालीच्या गाडीच्या सीटवर थाप मारली. "दुसऱ्या बोडावरून देऊ करंट. पण तार काढली की बंद पडेल. बॅटरी आतून गेलेली दिसतेय, धरणार नाही. सीट उघडा, बघू तरी काय—"

"माझी काढतो," बागोंझा म्हणाला.

तो हे इतक्या मोठ्याने बोलला, की त्याचं त्यालाच दचकायला झालं.

"म्हणजे?"

"माझ्या गाडीतली बॅटरी काढतो, हिच्यात घालतो. अरालीच्या गाडीत राहू दे ती. कायमची."

"आणि तुझी गाडी?"

"बघू नंतर."

मग मुगेनीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शाबास, अत्वोकी." मागे कुणीतरी हॉर्न वाजवला आणि मग रांगेतल्या सगळ्या गाड्यांनी वाजवला. बुसिंगे पान्हा घेऊन पुढे झाला, तर बागोंझाने त्याच्या हातून पान्हा जवळजवळ हिसकावला.

"माझं मला करू दे."

"कर बाबा. मित्र तुझा."

त्याने आपली गाडी अरालीच्या गाडीला चिकटून आणली आणि दोन्हींच्या मध्ये गुडघे टेकले. पाठ लोकांकडे होती. अरालीच्या सीटखालची बॅटरी त्याने आधी सोडवली. तिचं चिरलेलं झाकण त्याने स्वतः काळ्या गोंदाने चिकटवलं होतं. ज्याने म्हणून कधी त्याच्या गाडीला धक्का दिला होता, त्याने ते झाकण पाहिलं होतं आणि त्यावरून त्याला चिडवलंही होतं. बाहेर काढल्याबरोबर त्याने ती फडक्यात गुंडाळली. मग आपल्या सीटखालची काढली. ती अजून नवी दिसत होती. अरालीच्या गाडीत ती पट्ट्याखाली सहज बसली. तारा न ओढता स्क्रूपर्यंत पोचल्या.

त्याने बटण दाबलं. गाडी लगेच चालू झाली.

बायकांनी एकदम गळा काढला. आत्या खाली बसली, पेटीवर दोनदा थोपटून म्हणाली, "चल, बाळा. आता चल."

अख्खी वाट बागोंझा पुढे होता. कासेंडाच्या चढावर, चहाच्या मळ्यांच्या मधून, तो पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने गाडी चालवत होता आणि मागे हॉर्न वाजत होते. मळ्यातली पानं खुडणारी माणसं हात थांबवून उभी राहत होती. एका वळणावर एका म्हाताऱ्याने टोपी काढली. ती अरालीसाठी काढली होती, पण पुढे बागोंझा होता, म्हणून म्हाताऱ्याने मान त्याच्याकडे बघून हलवली. इंजिन कुठेही अडखळलं नाही. गाडी बंद पडावी असं त्याला मध्येच वाटून गेलं.

गावी मांडव घातलेला होता. मागे केळीच्या बागेत खड्डा खणून तयार होता. पेटी घरात नेऊन ठेवली. बायका तिच्याभोवती चटयांवर बसल्या आणि बाहेर भाषणं सुरू झाली. चुलत्याने अरालीचं लहानपण सांगितलं. पाद्र्याने दोन वचनं वाचली. मग मुगेनीने माइक हातात घेतला.

"आम्ही बोडावाले," तो म्हणाला, "आम्हाला लोक काय काय म्हणतात ते मला माहीत आहे. पाद्रीबुवांनाही माहीत आहे."

मांडवात हशा पिकला.

"पण आज सकाळी तुम्ही असायला हवं होतं. अरालीची गाडी उठेना. आत्याबाई म्हणाल्या, तो यायचं नाही म्हणतोय. तेव्हा ह्या अत्वोकीने काय केलं? आपल्या गाडीतली बॅटरी काढून मित्राला दिली. स्वतःची गाडी तिकडे मेलेली टाकून आला! बोडावाल्याने बॅटरी देणं म्हणजे काय? म्हणजे शेतकऱ्याने बियाणं देणं. उठ, अत्वोकी, लोकांना दिसू दे."

बागोंझा उठला. टाळ्या वाजल्या. अरालीच्या धाकट्या भावाने, ज्याच्याकडे आता ती गाडी जाणार होती, त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना. कुणीतरी सोललेल्या घेवड्याचं घट्ट वरण आणि नाचणीच्या उकडीचा गोळा घातलेलं ताट त्याच्यापुढे ठेवलं. खरं तर जेवण मातीनंतर असतं.

"खा. तुला आधी चालतं, तू सकाळपासून उपाशी असशील."

त्याने गोळ्याचा तुकडा तोडला, वरणात बुडवला आणि तसाच हातात धरून बसला.

एक मुलगी येऊन म्हणाली, "तुम्हाला आत बोलावलंय."

आत अंधारच होता. खिडकीवर चादर टांगली होती. केमिगिसा पेटीच्या उशाशी बसली होती, डोक्याला कापड बांधून. तिने चटईवर हाताने जागा दाखवली. शेजारच्या बायका जरा सरकल्या आणि आपसांत हलक्या आवाजात गाणं म्हणत राहिल्या.

"बस, बागोंझा."

तो खाली बसत होता, तो मध्येच थांबला. इतक्या वर्षांत तिने त्याला या नावाने कधी हाक मारली नव्हती. मग बसला.

"गाडी नीट आली?"

"आली, वहिनी."

"एका बटणात?"

त्याने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती बरेच दिवस न झोपलेल्या माणसासारखी दिसत होती.

"तू दवाखान्यात आलास ना," ती म्हणाली, "त्याच्या आदल्या दिवशी मी घरी गेले होते, त्याचे कपडे आणायला. म्हटलं, दिराला घेऊन गाडीनेच परत जावं. दुसरी किल्ली घरात होती. गाडी चालू होईना. मी सीट उघडली. आत काळ्या गोंदाने चिकटवलेलं झाकण होतं. नाताळात ती बॅटरी आणली, तेव्हा मी मागे बसले होते. अख्खा रस्ता मांडीवर धरून आणली मी ती. खड्डा आला की तो ओरडायचा, सांभाळ, पोर आहे ते. तिच्या जागी दुसरी आहे हे मला कळणार नाही होय?"

बागोंझाच्या बोटांना वरण लागलेलं होतं. ती त्याने मुठीत लपवली.

"त्याला सांगितलं मी," केमिगिसा म्हणाली. "तू यायच्या आधीच."

"मग तो काही बोलला का नाही?"

"विचारलं की त्याने तुला. तुझी बॅटरी गेली होती ना, म्हणून विचारलं."

गाणाऱ्या बायकांनी एक कडवं संपवलं. दुसरं सुरू केलं.

"तू गेल्यावर आम्ही भांडलो," ती पुढे म्हणाली. "मी म्हटलं, मी जाते स्टेजवर आणि सगळ्यांदेखत मागते. तो म्हणाला, अजिबात नाही. मागितलं तर तो देईल, पण मग ते देणं नाही झालं. म्हणाला, अत्वोकी आपण होऊन आणून देईल. मी म्हटलं, नाही देणार. रोज हेच. सकाळी डोळे उघडले की विचारायचा, आला का गं तो?"

"वहिनी—"

"मी अजूनही काही मागत नाहीये. त्याला शब्द दिलाय." तिने पेटीच्या कडेवरून बोट फिरवलं, धूळ पुसल्यासारखं. "पण आता थोड्या वेळात माती टाकतील. त्याच्या आधी मला त्याला सांगायचंय, कोण खरं ठरलं ते. बॅटरी तर आली. तू आपण होऊन दिलीस. सगळे टाळ्याही वाजवतायत. मला कळत नाहीये. तूच सांग, काय सांगू मी त्याला?"

बागोंझाने तोंड उघडलं. तिने हाताने त्याला थांबवलं.

"मला नको सांगूस," ती म्हणाली. "मला माहीतच आहे."

बाहेर मुगेनीने माइकवर फुंकर मारून तो चालू आहे का ते पाहिलं. मातीच्या आधी विचारतात ते विचारायला त्याने सुरुवात केली. अरालीची कुणाकडे काही वस्तू राहिली असेल, तर आत्ताच बोला. जिवंत माणसाचं उद्या देता येतं, गेलेल्याला उद्या नसतो.

"माझ्याकडे त्याचा पंप आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

"म्हणजे तो तू ढापलास! तीन स्टेज पालथी घातली त्याने त्यासाठी."

"ढापला नाही, मागून नेला होता. परत द्यायचा राहिला."

"तसंच म्हणतात सगळे. आण इकडे. अजून कुणी?"

लोक हसत होते. बागोंझा घरातून बाहेर आला, तेव्हा उन्हाने त्याचे डोळे मिटले. तो मांडवाच्या कडेने न जाता मधल्या वाटेनेच पुढे चालला. बसलेल्यांनी पाय आखडून त्याला जागा दिली. एका म्हातारीने जाता जाता त्याचा हात धरून कपाळाला लावला. मुगेनीने त्याला येताना पाहिलं, चेहराभर हसला, आणि काही न विचारता माइक त्याच्यापुढे धरला.

बागोंझाने माइक घेतला. तो काही बोलायच्या आतच मांडवाने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि त्या थांबेपर्यंत त्याला तसंच उभं राहावं लागलं.